निर्दोष माणसाचं देणं

प्रश्न साधा आहे, पण घशात अडकणारा आहे. एखाद्या माणसानं चोरी केली नाही. दरोडा घातला नाही. कुणाच्या तोंडचा घास स्वतःच्या हातानं काढला नाही. तरीपण त्याच्या हातात जी वस्तू आहे ती मुळात लुटीच्या वाटेनं आलेली आहे. तर तो माणूस काही देणं लागतो की नाही?

हा प्रश्न आपल्याला रोज ऐकू येतो. कॉलेजातला सवर्ण पोरगा विचारतो, "आमच्या पणजोबानं काय केलं त्याची शिक्षा आम्हाला का?" तो पोरगा दरवेळी लबाड असतो असं नाही. कधी कधी तो खरंच विचारत असतो. आपण चिडतो. चिडायला कारण आहे, पण चिडणं म्हणजे उत्तर नव्हे. आणि कार्यकर्त्याकडं उत्तर पाहिजे. घरच्या भांडणात डोकं तापलेलं असतं, म्हणून मी जरा लांबचं उदाहरण घेतो. लांबचं भांडण नीट दिसतं.

उदाहरण अमेरिकेतल्या एका गोऱ्या माणसाचं आहे. नाव अर्ल स्क्रग्ज. बँजो वाजवायचा. ब्लूग्रास नावाचं जे संगीत तिकडं आहे त्यातला सगळ्यात मोठा बँजोवाला. आणि बँजोवाला म्हणून नाव होण्याआधी हा माणूस सूतगिरणीत कामाला होता. मी स्वतः रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस, म्हणून त्याच्याकडं माझं लक्ष गेलं हे उघड आहे. तो मला आवडतो. म्हणूनच त्याची उलटतपासणी घ्यावीशी वाटते. न आवडणाऱ्या माणसाची झडती कुणीही घेतो.

अमेरिकेकडं बघणं आपल्याला नवं नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विद्वान डू बॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा ही गोष्ट परक्याची म्हणून कुणी बाजूला सारू नये.

आधी वाद्याचं सांगतो. आपल्याकडं जयंतीच्या मिरवणुकीत जो 'बेंजो' वाजतो तो हा नव्हे. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, आडवं ठेवून वाजवायचं वाद्य. त्याचं मूळ जपानकडं जातं. अमेरिकेतला बँजो वेगळा. गोल चौकट, तिच्यावर ताणलेलं कातडं, वर लांब दांडी आणि तारा. हलगीला दांडी बसवून तारा जोडल्या तर जसं दिसेल तसं काहीतरी. स्क्रग्ज वाजवायचा त्यात पाच तारा. पाचवी तार आखूड, ती दांडीच्या मधूनच सुरू होते आणि अंगठ्याखाली सारखी गुणगुणत राहते.

हे वाद्य गोऱ्यांचं नाही. पश्चिम आफ्रिकेत वाळक्या भोपळ्याला कातडं ताणून त्याला काठी आणि तारा लावायची रीत होती. सेनेगल-गॅम्बियाकडच्या जोला लोकांचं आकोंटिंग हे वाद्य आजही तसंच आहे. तिथून माणसं साखळदंडात घालून जहाजात कोंबून नेली. वाद्य नेऊ दिलं नसेल, पण डोक्यातली रीत कोण काढून घेणार? कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत त्या लोकांनी तिथल्या भोपळ्याचं वाद्य पुन्हा केलं. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन स्वतः गुलामांचा मालक. त्यानंही १७८० च्या दशकात आपल्या पुस्तकात नोंद केली की हे वाद्य काळ्यांनी आफ्रिकेतून आणलंय. म्हंजे मालकाच्याच वहीत मालकी कुणाची ते लिहून ठेवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत, माणसं जमवत ते निघाले होते. पुढच्याच साली, १७४० मध्ये, जो कायदा आला त्यात गुलामांनी ढोल आणि शिंगं बाळगायला बंदी घातली. मालकाला ढोलाची भीती वाटली. ज्या वाद्यानं माणसं जमतात ते वाद्य बंद. ज्या वाद्यानं मालकाची करमणूक होते ते चालू. हा हिशेब आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला नको.

मग त्या बँजोची पुढं काय गत झाली? एकोणिसाव्या शतकात व्हर्जिनियाचा जोएल स्वीनी नावाचा गोरा काळ्यांकडून बँजो शिकला आणि तोंडाला काळं फासून स्टेजवर उभा राहिला. १८४३ मध्ये न्यूयॉर्कात चार गोऱ्यांनी मिळून अख्खा खेळच तसा बसवला. जळक्या बुचाची काजळी तोंडाला, ओठ रंगवलेले, फाटके कपडे, हातात बँजो. काळा माणूस म्हणजे आळशी, खादाड, दात काढणारा, मालकावर खूश असलेला, असं दाखवायचं आणि तिकिटं विकायची. मिन्स्ट्रेल म्हणत त्याला. अमेरिकेत तो धंदा अनेक दशकं धो धो चालला. माणसाला आधी गुलाम केलं, मग त्याचं वाद्य घेतलं, मग त्याच वाद्याच्या साथीनं त्याची टिंगल केली. एका घरावर तीनदा दरोडा.

काळ्यांनी हळूहळू बँजो खाली ठेवला. एकाच दिवशी नाही आणि सगळ्यांनीही नाही. गस कॅननसारखे काळे बँजोवाले विसाव्या शतकातही वाजवत होते. पण बहुतेकांनी गिटार हातात घेतली. त्याला नव्या संगीताची कारणं होतीच, पण शरमेचंही कारण होतं. ज्या वाद्याकडं बघून गोरा हसतो ते पोराच्या हातात कोणता बाप देईल? त्यात १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वेगळ्या याद्या केल्या. काळ्यांच्या रेकॉर्डी एका यादीत, डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्यांच्या दुसऱ्या यादीत. बँजो गोऱ्यांच्या यादीत पडला. पुढच्या पिढीला वाटायला लागलं की बँजो म्हणजे गोऱ्यांचंच वाद्य. बघता बघता सातबारा बदलला.

आता हे वाचताना तुमच्या डोळ्यासमोर हलगी आली असेल. माझ्याही आली. आपल्या कितीतरी वस्त्यांनी १९५६ नंतर, काहींनी त्याच्याही आधी, डफडं वाजवायचं सोडलं. गावच्या देवापुढं, पाटलाच्या लग्नात, मेलेल्याच्या पुढं वाजवणार नाही म्हणून सांगितलं. त्यापायी बहिष्कार सोसले, दाणा-पाणी बंद झालेलं सोसलं. ते सोडणं बरोबर होतं. त्यात रतीभर शंका नको. कारण ते कलेचं सोडणं नव्हतंच, हुकूम पाळणं सोडणं होतं. आज कुणी शहाणा लोककलेच्या प्रेमानं विचारतो, "तुम्ही एवढी सुंदर परंपरा टाकून कशी दिली?" त्याला सांगावं, बाबा, तू श्रोत्यात बसला होतास. वाजवणाऱ्याच्या जागेवरून विचार.

इथंपर्यंत गोष्ट सोपी आहे. लुटारू कोण, लुटलेला कोण, स्पष्ट दिसतं. आता स्क्रग्ज येतो आणि गोष्ट अवघड होते.

अर्ल स्क्रग्जचा जन्म ६ जानेवारी १९२४ चा. नॉर्थ कॅरोलिना राज्यात शेल्बी गावाजवळ फ्लिंट हिल नावाची शेतवस्ती आहे, तिथला. बाप शेती करायचा, हिशेब लिहायचा आणि बँजो वाजवायचा. अर्ल चार वर्षांचा असताना बाप मेला. आई ऑर्गन वाजवायची. भावंडं सगळी वाजवणारी. भाऊ होरेस आणि अर्ल यांचा एक खेळ सांगतात. दोघांनी पाठीला पाठ लावून एकच गाणं सुरू करायचं, मग वाजवत वाजवत दोघांनी उलट्या दिशेनं घराला फेरी मारायची. परत समोरासमोर आल्यावर ताल जुळलेला आहे का बघायचं. मास्तर नाही, पुस्तक नाही, घड्याळ नाही. भाऊच घड्याळ.

दहा वर्षांचा असताना त्याला तीन बोटांची पद्धत सापडली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. तीन बोटांनी वाजवणारे त्या भागात आधीही होते. स्मिथ हॅमेट होता, स्नफी जेंकिन्स होता. पण स्क्रग्जनं ती पद्धत इतकी घोटली की सूर एकापाठोपाठ एक, मधे फट न पडता, ओळीनं सुटायला लागले. आठ मात्रांचा तुकडा तीन, तीन, दोन असा तोडायचा. बोटं फिरत राहतात आणि गाण्याचे मूळ सूर त्या फिरत्या बोटांतूनच ठळक उठून दिसतात. आज जगभर तिला स्क्रग्जची पद्धत म्हणतात.

गिरणीतल्या माणसाला इथं एक मोह होतो. लिहावंसं वाटतं की हा वेग चात्यांच्या घरघरीतून आला. पण ते खोटं होईल. पद्धत दहाव्या वर्षी सापडली, गिरणी नंतर आली. पंधरा वर्षांचा असल्यापासून तो लहानसहान पार्ट्यांत वाजवत होता. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घर चालवायला शेल्बीच्या लिली मिल्समध्ये लागला. शिवणकामाचा दोरा काढणारी गिरणी. मजुरी तासाला ४० सेंट. साधारण दोन वर्षं तो तिथं होता. गिरणीनं त्याला संगीत दिलं नाही. गिरणीनं त्याच्याकडून वेळ घेतला. कामगाराच्या कलेबद्दल लिहिणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. यंत्राच्या तालावर कविता सुचते वगैरे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. आत तुटलेला धागा सांधायचा असतो.

१९४५ च्या डिसेंबरात नॅशव्हिलला बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉईज या पार्टीत त्याला जागा मिळाली. केंटकी राज्याला ब्लूग्रासचं राज्य म्हणतात, त्यावरून पार्टीचं नाव आणि पुढं पार्टीवरून संगीताचं नाव. ग्रँड ओल ऑप्री या रेडिओच्या कार्यक्रमात हा पोरगा वाजवायला लागला आणि लोक वेडे झाले. १९४८ मध्ये तो आणि गाणारा लेस्टर फ्लॅट बाहेर पडले, स्वतःची पार्टी काढली. ११ डिसेंबर १९४९ ला 'फॉगी माउंटन ब्रेकडाऊन' हे त्याचं वादन रेकॉर्ड झालं. बायको लुईझनं सगळा व्यवहार सांभाळला. त्या धंद्यात तेव्हा बाई व्यवस्थापक म्हणजे नवलच. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला. १९६७ मध्ये 'बॉनी अँड क्लाइड' सिनेमात ते १९४९ चं वादन वापरलं आणि ते जगभर गेलं.

हेही सांगितलं पाहिजे की हा माणूस गोऱ्यांतल्याही खालच्या पायरीवरचा. डोंगराकडच्या गरीब गोऱ्याला तिकडं 'हिलबिली' म्हणतात आणि ती शिवी आहे. १९६२ मध्ये 'बेव्हर्ली हिलबिलीज' नावाची टीव्ही मालिका आली. गावंढळ डोंगरी कुटुंब श्रीमंतांच्या वस्तीत राहायला जातं आणि त्यांचं हसं होतं. त्या मालिकेच्या गाण्यात बँजो स्क्रग्जचा. बाबासाहेबांनी आपल्याला पायऱ्यापायऱ्यांची विषमता शिकवली. वरच्याच्या लाथेखाली असलेला माणूसही खालच्याच्या डोक्यावर उभा असतो. मधल्या पायरीवरच्या माणसाचं दुःख खरं असतं आणि त्याचा फायदाही खरा असतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि आपल्या पोरांनी हेच शिकायला पाहिजे.

फायदा कसला? चला गिरणीच्या दारात. कॅरोलिनाच्या सूतगिरण्यांत यंत्रावरचं काम गोऱ्यांसाठी होतं. काळ्याला झाडलोट, गाठी फोडणं, आवारातलं ओझं, असली कामं. साउथ कॅरोलिनानं तर १९१५ मध्ये एका खोलीत काळे-गोरे मिळून काम करू नयेत असा कायदाच केला होता. ही रीत मोडली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर. म्हंजे स्क्रग्जला तासाला ४० सेंट मिळत होते त्या काळात त्याच्याच वयाच्या, त्याच्याइतक्याच गरीब, बाप मेलेल्या काळ्या पोराला त्या मुलखात यंत्रावर उभं करत नव्हते. आपल्या मुंबईत वेगळं होतं काय? विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे आणि मग तो धोटा विटाळला असता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना घाम फुटला. कामगार एकजुटीचा विजय असो, पण विणखात्याचं दार?

गिरणीचं तेच संगीताचं. ज्या बिल मन्रोच्या पार्टीत स्क्रग्ज गेला तो मन्रो पोरवयात अर्नोल्ड शुल्ट्झ नावाच्या काळ्या वादकाबरोबर नाचाच्या कार्यक्रमांना साथ करायचा. मन्रोनं पुढं स्वतः त्याचं नाव घेतलं. शुल्ट्झ खाणीत राबणारा माणूस. १९३१ मध्ये मेला. त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याचा आवाज जगात कुठंच शिल्लक नाही.

आणि आता जो थॉम्पसनला भेटा. जन्म १९१८. राज्य तेच, नॉर्थ कॅरोलिना. मीबेन गावाकडचा काळा माणूस. आजा गुलामगिरीतला आणि फिडल वाजवणारा, बाप फिडल वाजवणारा, जोसुद्धा फिडल वाजवणारा. चुलतभाऊ ओडेल बँजोवर. हाही कामगार. तीस वर्षांच्या वर लाकडी फर्निचरच्या कारखान्यात काढली. कणसं सोलायच्या रात्री शेजारीपाजारी जमले की हे दोघं वाजवणार. रेडिओ नाही, ऑप्री नाही, सिनेमा नाही. १९७० च्या दशकात कुणी अभ्यासक शोधत येईपर्यंत बाहेर नाव नव्हतं. २००७ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्याला सरकारचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. २० फेब्रुवारी २०१२ ला जो थॉम्पसन गेला, वय ९३. २८ मार्च २०१२ ला अर्ल स्क्रग्ज गेला, वय ८८. एकाच राज्यातले दोन कामगार, एकाच जमान्यातले दोन वादक, पाच आठवड्यांच्या अंतरानं गेले. मी असं म्हणत नाही की दोघांचं वादन सारखं होतं. स्क्रग्जसारखं दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. मी दाराबद्दल बोलतोय. एकाला दार ठोठावता आलं. दुसऱ्याला भिंतच दाखवली.

तर मग बोला, स्क्रग्ज गुन्हेगार का?

एक उत्तर तयार असतं, "कलेला जात नसते." हे वाक्य मी फार ऐकलंय आणि बहुतेक वेळा वरच्या पायरीवरून ऐकलंय. सुराला जात नसेल. पण सूर वाजवणाऱ्याला मिळणाऱ्या बिदागीला, रेडिओला, गिरणीच्या दाराला जात होती आणि रंग होता. सूर हवेत जातो, बिदागी खिशात जाते. कुणाच्या खिशात ते विचारलं की हे वाक्य लंगडं होतं.

दुसरं उत्तर आपल्यातल्या गरम डोक्यांचं. "तो चोर. गोऱ्याच्या हातात बँजो म्हणजे चोरीचा माल." हेही मला पटत नाही. चार वर्षांच्या पोरानं बापाचं वाद्य उचललं. त्यानं कुणाकडून हिसकावलं? तोंडाला काळं फासून त्यानं नाव कमावलं नाही. कुणाची टिंगल केली नाही. उलट त्या वाद्याला विदूषकाच्या हातातून काढून त्यानं कसबी माणसाच्या हातात दिलं. त्याला चोर म्हटलं तर खऱ्या चोराला काय म्हणणार? शब्द असा उधळला की त्याची धार जाते.

मला वाटतं आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. दोष आणि देणं. दोष करण्यातून लागतो. देणं मिळण्यातून लागतं. माणूस निर्दोष असेल तरी कर्जमुक्त असेल असं नाही.

आपल्यातलंच उदाहरण घ्या. मला आठवड्याची सुट्टी मिळते. ती मी मिळवलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकानं गिरणी कामगारांना जमवलं, मालकांशी झगडा केला, तेव्हा १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. मी त्या दिवशी घरी झोपतो यात माझा दोष काही नाही. पण माझ्यावर देणं आहे. ते मी कसं फेडणार? सुट्टी नाकारून? उद्या मी रविवारी कामावर गेलो तर लोखंड्यांचं कर्ज फिटेल का? उलट बुडेल. त्यांचं नाव माहीत करून घेणं, पोरांना सांगणं आणि ज्या कंत्राटी कामगाराला आजही सुट्टी मिळत नाही त्याच्यासाठी भांडणं, ही फेड.

हेच स्क्रग्जला लावा. त्यानं बँजो खाली ठेवायला हवा होता का? नाही. हात बांधून घेणं ही फेड नव्हे. एका गरिबाच्या बोटांतलं कसब मेल्यानं दुसऱ्या गरिबाचं पोट भरत नाही. फेड म्हणजे नाव सांगणं आणि दार उघडणं.

स्क्रग्जच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १५ नोव्हेंबर १९६९ ला व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात वॉशिंग्टनला लाखो लोक जमले. तिथं हा माणूस पोरांना घेऊन वाजवायला गेला. त्याच्या श्रोत्यांत युद्धाचे समर्थक भरपूर. त्याच्या क्षेत्रातले फार थोडे लोक तिथं फिरकले. धंद्याचं नुकसान होऊ शकत होतं, तरी गेला. त्याला सलाम. पण ते खातं वेगळं. एका खात्यात भरलेला पैसा दुसऱ्या खात्यात आपोआप जमा होत नाही. हे आपल्या पुरोगामी मित्रांनाही सांगायला पाहिजे. युद्धाला विरोध केला, भांडवलशाहीला विरोध केला, म्हणून जातीचं देणं फिटलं असं होत नाही.

आणि दार? गिरणीचं दार एकटा स्क्रग्ज उघडू शकला नसता. ते काळ्यांनी रस्त्यावर मार खाऊन, तुरुंगात जाऊन, कायदा करायला लावून उघडलं. इथं मला त्या कॉलेजातल्या पोराचं उत्तर सापडतं. हे देणं एकेकाच्या घरी जाऊन वसूल करायचं नसतं. ते समाजाचं देणं आहे, समाजाच्या पेढीतूनच, कायद्यानं, फेडायचं असतं. राखीव जागा हा तसाच एक हप्ता. तेव्हा, भाऊ, तुला कुणी शिक्षा करत नाही. तू निर्दोष असशील, मानतो. पण तुझ्या घरात पुस्तकं होती, आमच्या घरात नव्हती, आणि याचं कारण तू नसलास तरी याचा फायदा तुला मिळाला. हप्ता शिक्षा म्हणून जात नाही, फायदा मिळाला म्हणून जातो. हप्त्याला शिक्षा म्हणणारा हिशेब चुकवतोय.

आपल्याकडंही स्क्रग्जपेक्षा अवघड उदाहरण आहे. पठ्ठे बापूराव. जन्मानं ब्राह्मण, कुळकर्णी. घरदार सोडून तमाशात आले, महाराच्या पवळाबरोबर फड गाजवला, लावणीत मोठं नाव कमावलं. महाडच्या लढ्याच्या काळात त्यांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या बाया नाचवून आलेला पैसा नको. चळवळीला तेव्हा पैशाची गरज नव्हती असं थोडंच होतं? पण बाबासाहेबांनी देण्याचा खरा हिशेब दाखवला. जी बाई हुकमावर नाचते ती तशीच नाचत राहणार आणि तिच्या नाचण्याचा पैसा देणगी म्हणून येणार, याला फेड म्हणत नाहीत. दार बंद ठेवून खिडकीतून पैसे टाकले तर देणं तसंच राहतं.

पण दोस्तांनो, हा हिशेब दुसऱ्याला मागायचा तर आपलीही वही उघडावी लागेल. आपला आंबेडकरी जलसा बघा. भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचा साचा घेतला, गण-गवळणीच्या जागी माणसाच्या हक्काची भाषा घातली आणि गावोगाव भीमाचा विचार नेला. जे वाद्य हुकमावर वाजत होतं ते आपल्या मर्जीनं वाजायला लागलं. मोठं काम. पण तो साचा घडवला कुणी? ढोलकी-हलगीवर हात फोडून घेणाऱ्या मातंग वादकांनी. फडावर उभ्या जन्माचं हाडांचं पाणी करणाऱ्या कोल्हाट्याच्या, महाराच्या, मांगाच्या बायांनी. त्यांच्या पायातल्या चाळाचा ठेका आपल्या शाहिराच्या गाण्यात आहे. आपण तो लुटला नाही. आपण निर्दोष. पण देणं? जयंतीच्या स्टेजवर किती मातंग पोरांना मानानं जागा आहे? अण्णाभाऊ साठ्यांचा फोटो आपण त्यांच्या जयंतीला त्यांच्याच वस्तीपुरता ठेवतो की आपल्याही विहारात लावतो? तमाशातल्या म्हाताऱ्या बाईच्या पेन्शनच्या अर्जावर सही घ्यायला आपला कोणता कार्यकर्ता तिच्यासोबत कचेरीत जातो? गोऱ्याला विचारलेला प्रश्न आपल्याला चालत नसेल तर तो प्रश्न नव्हता, शिवी होती.

आज हलगी शहरातल्या मोठ्या स्टेजवर येते. लोकसंगीत म्हणून टाळ्या मिळतात. वाजवणारा पुष्कळदा सवर्ण घरातला, शिकलेला, हातानं चांगला. आपल्या शाखेत यावर वाद होतात. बंद पाडा म्हणतात काही, वाजू द्या म्हणतात काही. मी म्हणतो, त्या पोराला दोन प्रश्न विचारा. तू हे ज्यांच्याकडून घेतलंस त्यांचं नाव, वस्ती, जात स्टेजवरून सांगतोस का? आणि तुझ्या बिदागीतला, तुझ्या संस्थेतला, तुझ्या स्टेजवरचा वाटा त्या वस्तीला आहे का? दोन्हीला होय आलं तर त्याला वाजवू द्या. टाळ्याही वाजवा. नाही आलं तर खुर्च्या मोडायची गरज नाही, तिथल्या तिथं उभं राहून सगळ्यांसमोर हिशेब मागा. कसबाला नाही म्हणू नका, उधारीला म्हणा.

आणि आपण टाकलेली हलगी आपल्याच पोरांनी पुन्हा उचलावी का? इथं मी कुणाला फतवा काढून देणार नाही. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावात काळ्या बँजोवाल्यांचा मेळावा भरला. तिथं भेटलेली तीन तरुण माणसं, रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन, म्हाताऱ्या जो थॉम्पसनच्या घरी शिकायला जायला लागली. ज्या वाद्याची त्यांच्या आज्या-पणज्यांना शरम वाटायला लावली होती ते त्यांनी मांडीवर घेतलं, त्याचा इतिहास स्टेजवरून सांगितला आणि २०११ मध्ये ग्रॅमी पारितोषिक घेतलं. आजोबांनी बँजो ठेवला तेही बरोबर, नातवंडांनी उचलला तेही बरोबर. कारण दोन्ही वेळी हुकूम स्वतःचा होता. ज्याच्या पोराला नको वाटेल त्यानं हलगीकडं बघूही नये. ज्याच्या पोरीला हवी वाटेल तिनं ती चौकात वाजवावी. अट एकच, कुणाच्या दारात, कुणाच्या हुकमावर, शिळ्या तुकड्यासाठी नाही.

अर्ल स्क्रग्ज ऐकावा. जरूर ऐकावा. गिरणीतून सुटलेल्या माणसाची बोटं काय करू शकतात ते कळतं. त्याच्यासाठी टाळी वाजवायला मला काही अडचण नाही. फक्त पाचव्या तारेवर अंगठा पडतो तेव्हा अर्नोल्ड शुल्ट्झचं नाव घ्यावं, जो थॉम्पसनचं घ्यावं, आणि ज्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत त्यांच्यासाठी आपल्या वहीत एक ओळ मोकळी सोडावी. ती ओळ भरायची बाकी आहे हे विसरू नये.

जयभीम.